चित्रं आणि कल्पनाशक्ती

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की ग्राफिक कादंबरीत, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीत, सगळं काढूनच दिलेलं असतं, वाचकाच्या कल्पनेला काही उरत नाही. मलाही तसंच वाटायचं. गेल्या महिन्यात 'भीमायन' (2011) वाचलं आणि मत बदललं.

डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी समाजातल्या चित्रकारांनी काढलेत. नेहमीच्या कॉमिकसारखे चौकोन नाहीतच. भिंतीवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलंय, त्यामुळे नजर कुठून कुठे न्यायची हे आपणच शोधायचं. मायेनं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी! गोरेगावच्या प्रवासात लहानग्या भीमाला पाणी मिळत नाही, ती पानं मी दोनदा उलटून पाहिली. प्रसंग शाळेपासून माहीत होता, पण तहान अशी कधी जाणवली नव्हती.

त्याच आठवड्यात उद्धव शेळक्यांची 'धग' (1960) ही कादंबरी पुन्हा वाचली. तिथे एकही चित्र नाही, पण वऱ्हाडी बोलीतून तिची नायिका कौतिक थेट समोर उभी राहते. आम्हा पुण्यातल्या वाचकांना सुरुवातीची काही पानं अडखळायला होतं. मोठ्यानं वाचा, कानाला सवय होते.

अप्पा बळवंत चौकात मराठी ग्राफिक कादंबऱ्या विचारल्या, तर दोन दुकानांत लहान मुलांच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. याचं खरंच वाईट वाटलं. मोठ्यांसाठीचं असं काही मराठीत वाचलं असेल तर नावं नक्की सांगा.