भाव २० टक्के वाढला, खप २० टक्के घटला तर

भाव २० टक्के वाढवला आणि खप २० टक्के घटला तर गल्ला तेवढाच राहतो, असं उत्तर कुणी दिलं तर ते चुकतंय. दोन्ही २० टक्के वेगवेगळ्या आकड्यांचे आहेत ना, आणि गल्ला म्हणजे गुणाकार, बेरीज-वजाबाकी नाही. १५ रुपयांचे ४०० वडापाव म्हणजे ६०००, भाव १८ केला आणि ३२० खपले तर ५७६०, म्हणजे सरळ ४ टक्के कमी.

मग किती घट चालेल? माझी मुलगी दहावीला इथेच अडकायची, टक्के x धरून समीकरण मांडायची आणि शंभरच्या भागाकारात हरवायची. तिला अपूर्णांकात करायला लावलं तेव्हा कुठे बसलं डोक्यात. २० टक्के वाढ म्हणजे एक पंचमांश, पाचाचे सहा झाले, आता परत पाचावर यायला सहातला एकच काढायचा, म्हणून घट एक षष्ठांश, १६.६७ टक्के. वाढ २५ टक्के असेल तर घट एक पंचमांश, २० टक्के. वडापावच्या गणितात ६६ कमी खपले तरी गल्ला ६०१२ येतो, ६७ कमी झाले की ५९९४. पेपरात x मांडाच, मार्क त्याचे असतात, पण उत्तर असं पडताळून बघा.