मध्यवर्ती विधान आधी ठरवावे की लिहिता लिहिता सापडू द्यावे?

चर्चाप्रस्ताव

पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर निबंधलेखन शिकवताना पहिली सूचना बहुधा एकच असते: आधी तुमचे मध्यवर्ती विधान, म्हणजे ज्याला आपण थीसिस स्टेटमेंट म्हणतो ते, एका वाक्यात लिहून दाखवा आणि मगच पुढे जा. माझे मत असे की शाळकरी वयात ही सूचना उपयोगी पडते, परंतु प्रगत विद्यार्थ्याचे तिने नुकसान होते. कारण ज्या प्रश्नाचा शोध अजून सुरूच झालेला नाही त्याचे उत्तर तो जाहीर करून बसतो आणि पुढचे सारे वाचन त्या उत्तराची पाठराखण करण्यात खर्ची पडते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. जर्मनीतील नाझी पक्षाचा उदय या विषयावर निबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात विधान आणून दिले: "व्हर्सायच्या कठोर करारामुळे नाझी पक्ष सत्तेवर आला." वाक्य नेटके होते, दावा स्पष्ट होता, आणि मी ते मान्य केले. पुढचे तीन आठवडे ती पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या त्या करारातील कलमे, १९२१ मध्ये ठरलेली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई, १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियम यांनी घेतलेला रुहर या जर्मन औद्योगिक प्रदेशाचा ताबा अशी सामग्री जमवत राहिली. सगळी खरी होती आणि सगळी विधानाच्या बाजूची होती. मग निवडणुकांचे आकडे तिच्यासमोर आले. करारावर सह्या झाल्या जून १९१९ मध्ये. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, मे १९२८ च्या निवडणुकीत, नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते मिळाली, आणि जुलै १९३२ मध्ये मात्र ३७.३ टक्के. करार तर तोच होता, किंबहुना त्याची धार मधल्या काळात बोथट झाली होती, कारण दोस्त राष्ट्रांचे सैन्य १९३० मध्येच ऱ्हाइनलँड हा जर्मनीचा पश्चिम भाग सोडून गेले होते. तिने हे आकडे एका तळटीपेत नेऊन ठेवले. निबंधातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तळटीपेत गेली, कारण विधान आधीच मंजूर झालेले होते.

ती तळटीप वर काढून तिथूनच निबंध सुरू करायला मी तिला सांगितले, तेव्हा नवे विधान जन्माला आले: "व्हर्सायच्या कराराने निर्माण केलेला रोष १९१९ पासून होताच, परंतु त्या रोषाचे मतांत रूपांतर झाले ते १९२९ नंतरच्या मंदीने लाखो लोकांचे काम हिरावून घेतले तेव्हा, म्हणून उदयाचे कारण एकट्या करारात नव्हे तर करार आणि मंदी यांच्या गाठीत शोधावे लागते." हे वाक्य पहिल्या आठवड्यात कोणालाही लिहिता आले नसते. म्हणून माझा आग्रह असा की विद्यार्थ्याकडून आरंभी प्रश्न मागावा, विधान मागू नये; विधान पहिल्या खर्ड्याच्या शेवटच्या परिच्छेदात सापडते, तिथून ते उचलून प्रस्तावनेत न्यावे आणि मग सगळा निबंध त्याच्या उजेडात पुन्हा लिहावा.

प्रतिसाद १

मी याच्याशी ठामपणे असहमत आहे. आपल्या उदाहरणातील दोष आधी विधान लिहिण्याचा नसून ते मंजूर झाले असे मानण्याचा आहे. त्या विद्यार्थिनीला निवडणुकांचे आकडे खटकले, ते कशामुळे? तिच्या हातात एक ठाम दावा होता म्हणूनच. "नाझी पक्षाचा उदय का झाला?" एवढाच प्रश्न घेऊन ती बसली असती तर २.६ टक्के हा आकडा तिच्या टिपणवहीत इतर शंभर आकड्यांच्या रांगेत निमूटपणे बसला असता. चुकीचे का होईना, पण स्पष्ट विधान असेल तरच पुरावा त्याला विरोध करू शकतो.

दुसरे असे की विधान आधी मांडण्याची शिस्त आपल्या परंपरेत फार जुनी आहे. न्यायशास्त्रातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील, पंचावयवी (पाच भागांच्या) वाक्यात पहिला अवयव प्रतिज्ञा आहे: पर्वतावर अग्नी आहे. त्यानंतर हेतू येतो, कारण तिथे धूर आहे. मग उदाहरण, उपनय (ते उदाहरण प्रस्तुत पर्वताला लावणे) आणि शेवटी निगमन, म्हणजे निष्कर्ष. प्रतिज्ञा आणि निगमन यांतले शब्द जवळजवळ सारखेच असतात, परंतु पहिल्या जागी ते केवळ म्हणणे असते आणि पाचव्या जागी ते सिद्ध झालेले असते. निबंधाची प्रस्तावना आणि समारोप यांच्यातले नाते याहून नेमके कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

मी वर्षानुवर्षे ज्या वह्या तपासते त्यांत विधानाला चिकटून राहिल्यामुळे बिघडलेले निबंध थोडे असतात. विधानच नसल्यामुळे वाहवत गेलेले पुष्कळ असतात. वीस पुस्तके वाचलेला, सर्वांची मते क्रमाने सांगणारा आणि स्वतः काहीच न म्हणणारा निबंध हा प्रगत विद्यार्थ्याचा नेहमीचा आजार आहे, आणि "आधी वाचा, विधान मागाहून सापडेल" या सल्ल्याने तो बळावतो.

प्रस्तावकाचे उत्तर

न्यायशास्त्राचा दाखला आपण दिलात याचा मला आनंद आहे, परंतु तो अर्धाच दिला. त्याच शास्त्राने अनुमानाचे दोन प्रकार मानले आहेत: स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरील ग्रंथात पंचावयवी वाक्य येते ते दुसऱ्याला पटवून देण्यासाठी, म्हणजे परार्थानुमानासाठी. स्वतःसाठी अनुमान करणारा माणूस मात्र स्वयंपाकघरासारख्या ठिकाणी धूर आणि अग्नी यांचे साहचर्य वारंवार पाहतो, मग पर्वताजवळ जातो, धूर पाहतो, व्याप्ती, म्हणजे जिथे धूर तिथे अग्नी हा नियम, आठवतो आणि त्यानंतर त्याला अग्नीचे ज्ञान होते. त्याच्या मनात प्रतिज्ञा पहिली नसते, धूर पहिला असतो. माझे म्हणणे नेमके हेच आहे: वाचकासमोर विधान पहिले असावे याबद्दल वाद नाही, पण मांडणीचा हा क्रम आपण शोधाचा क्रम म्हणून शिकवतो आहोत.

वाहवत गेलेल्या निबंधांविषयीची आपली तक्रार खरी आहे. तिच्यावरचा उपाय म्हणून मी प्रश्नच सुचवतो, परंतु तो नेमका हवा. "उदय का झाला?" हा प्रश्न ढिला आहे, "१९२८ ते १९३२ या चार वर्षांत असे काय बदलले?" हा प्रश्न वाचनाला आवर घालतो आणि उत्तराला मोकळे ठेवतो.

प्रतिसाद २

ज्यांना तीन तासांत तीन निबंध लिहून द्यायचे असतात त्यांचा विचार या चर्चेत झालेला दिसत नाही. परीक्षेत पुनर्लेखनाला वेळ नसतो. तिथे पहिली आठ-दहा मिनिटे विधान आणि त्याखालचे मुद्दे कच्च्या पानावर मांडण्यात घालवली नाहीत तर निबंध हातचा जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. विधान शेवटी सापडण्याची चैन घरी लिहिण्याच्या निबंधात परवडते.

प्रतिसाद ३

मला तर विधानाच्या या सक्तीबद्दलच शंका आहे. माँतेन्य या फ्रेंच लेखकाने १५८० मध्ये आपल्या लेखनाला जे नाव दिले त्या 'एसे' या शब्दाचा अर्थच प्रयत्न किंवा अजमावणी असा आहे. एखाद्या विषयाभोवती फिरून पाहणे, मध्येच स्वतःचे मत बदलणे, शंका शिल्लक ठेवून थांबणे हे या प्रकाराच्या मुळाशी आहे. काही प्रश्नांची प्रामाणिक स्थिती अशी असते की दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ आहेत. तिथे विधानाच्या हट्टापायी विद्यार्थ्याने खोटा निश्चय का दाखवावा?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

"दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ आहेत" हेही एक विधानच आहे, आणि ते सिद्ध करायला सर्वांत अवघड. कोणते पुरावे, कोणत्या मुद्द्यावर आणि कशामुळे तुल्यबळ, हे दाखवावे लागते. ते दाखवले तर माझी काहीच हरकत नाही. न दाखवता मध्यावर उभे राहणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय.

प्रतिसाद ४

विधान आधी की नंतर यापेक्षा ते कोणत्या कसोटीला उतरले पाहिजे, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि प्रस्तावातील 'नवे विधान' त्या कसोटीला अजून उतरलेले नाही असे मी आदरपूर्वक म्हणेन.

ते पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे यात शंका नाही. सुजाण माणूस ते नाकारू शकतो, म्हणजे ते वादयोग्य आहे. "परंतु" या एका शब्दाने प्रतिपक्ष वाक्यातच सामावून घेतला आहे. कालमर्यादा दिली आहे. तथापि स्टीफन टूल्मिन या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी फोड केली, तिच्यात दावा आणि पुरावा यांच्याखेरीज तिसरा एक घटक सांगितला आहे: त्या दोहोंना जोडणारे, बहुधा न उच्चारलेले गृहीतक. या विधानातले ते गृहीतक कोणते? ज्यांचे काम गेले त्यांनी नाझी पक्षाला मते दिली, असे. आणि इथेच ते ढासळते, कारण काम गमावलेले औद्योगिक कामगार मोठ्या प्रमाणात कम्युनिस्ट पक्षाकडे वळले. नाझी पक्षाची मते तुलनेने अधिक होती ती प्रॉटेस्टंट ग्रामीण भागात, शेतकऱ्यांत, लहान व्यापाऱ्यांत. मंदीचा संबंध आहेच, परंतु तो बेरोजगारीतून सरळ मतपेटीत जात नाही. आपलेही स्थान जाईल या मध्यमवर्गीय भीतीतून आणि कोसळणाऱ्या शेतमालाच्या भावांतून तो वळसा घेऊन जातो. धूर दिसला म्हणून अग्नी म्हणायला व्याप्ती पक्की असावी लागते, असे न्यायाच्या भाषेत म्हणता येईल.

म्हणून मी विद्यार्थ्यांना विधान लिहून झाल्यावर त्याखाली एक वाक्य आणखी लिहायला लावते: "हे खरे ठरण्यासाठी आणखी काय खरे असावे लागेल?" हे दुसरे वाक्य निबंधात छापले जात नाही, पण कोणते पुस्तक उघडायचे ते तेच सांगते. बहुतेकांना ते लिहिताना पहिल्या वाक्यात "प्रामुख्याने", "या काळापुरते", "शहरी भागात" अशी मर्यादा घालावी लागते, आणि त्या मर्यादेने विधान कमकुवत होत नाही, उलट बचाव करण्याजोगे होते.

प्रस्तावकाचे उत्तर

गृहीतकाची ही चूक मी पाहिली नव्हती आणि ती मान्य करतो. "काम हिरावून घेतले" हा वाक्यांश काढून तिथे शेतकरी आणि लहान व्यापारी यांची भीती आणावी लागेल, म्हणजे निबंधाचा मधला भाग नव्याने लिहावा लागेल. विधान तिसऱ्यांदा बदलते आहे. माझ्या मूळ मुद्द्याला यामुळे बळच मिळते असे मला वाटते.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

मला नेमके उलट वाटते. लिहून ठेवलेले विधान समोर होते म्हणूनच त्यातले गृहीतक कोणाला तरी दाखवता आले. ते तीनदा बदलो की दहादा, पहिल्या आठवड्यात ते कागदावर असलेच पाहिजे, असे माझे मत कायम आहे. मात्र त्याच्या डोक्यावर यापुढे "तात्पुरते" असा शब्द लिहायला लावीन, आणि दर आठवड्याला त्याच्या विरोधात जाणारी एक तरी गोष्ट शोधून आणल्याशिवाय पुढच्या परिच्छेदाला हात लावू देणार नाही.