मेनाहेम प्रेसलर यांच्या निमित्ताने : मैफली करणाऱ्या पियानोवादकाने विद्यापीठात शिकवावे का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

ज्याची मैफल जमत नाही तो शिकवायला लागतो, आणि ज्याने विद्यापीठात कायमची नेमणूक स्वीकारली त्याने रंगमंचाचा नाद सोडला, असे समजणारे रसिक मला वारंवार भेटतात. पियानोवादक मेनाहेम प्रेसलर यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते.

प्रेसलर यांचा जन्म १९२३ साली जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे झाला. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ मध्ये त्यांच्या कुटुंबाने जर्मनी सोडली आणि इटलीमार्गे पॅलेस्टाइन गाठले. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील दब्युसी स्पर्धा जिंकल्यावर अमेरिकेत एकलवादक म्हणून त्यांचा मार्ग मोकळा झाला होता. तरीही १९५५ मध्ये त्यांनी इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन येथील संगीत विद्यालयात शिकवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी १३ जुलैला टँगलवुडच्या महोत्सवात व्हायोलिनवादक डॅनिएल गिले व चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाउस यांच्यासह ‘बो आर्ट्स ट्रिओ’चा पहिला कार्यक्रम केला. या दोन घटना एकाच वर्षी घडल्या हे मला फार महत्त्वाचे वाटते. वाद्यवृंदासोबत कन्सर्टो वाजवणाऱ्या एकलवादकाला मोठे सभागृह आणि स्वतंत्र मानधन मिळते, तर त्रिकुटाला लहान सभागृहात वाजवून एकाच मानधनाचे तीन वाटे करावे लागतात, आणि सरावाला मात्र कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो. दरमहा ठरलेला पगार असलेला माणूसच असा मार्ग निवडून त्यावर टिकून राहू शकतो. व्हायोलिनवादक आणि चेलोवादक बदलत गेले, पण २००८ मध्ये त्रिकुटाचा प्रवास थांबेपर्यंत पियानोवर प्रेसलरच होते, आणि हायडनने अशा तीन वाद्यांसाठी लिहिलेल्या सर्व रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. पुढे २०१४ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांनी बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत प्रथमच वादन केले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली मोझार्टचा ए मेजर कन्सर्टो सादर केला. एवढी लांब कारकीर्द विद्यापीठाच्या आधारामुळे घडली, असे माझे ठाम मत आहे.

काळी पाच

प्रेसलर यांच्याविषयी मलाही नितांत आदर आहे, पण आपल्या मांडणीत दोन अडचणी दिसतात. पहिली अशी की ब्लूमिंग्टन हे साधारण उदाहरण नाही. विल्फ्रेड बेन या अधिष्ठात्यांनी १९४७ पासून ते विद्यालय फार मोठ्या आकांक्षेने उभे केले. चेलोवादक यानोश श्टार्कर आणि पियानोवादक ग्योर्ग शेबोक यांच्यासारखे नामवंत वादक तिथे शिकवायला आले, आणि वादकांनी मैफली करत राहाव्यात हे तिथल्या व्यवस्थेला मान्य होते. अशी जागा किती जणांच्या वाट्याला येते? बहुतेक प्राध्यापकांचे दिवस प्रवेशपरीक्षा, समित्या आणि अहवाल यांतच जातात, आणि कायम नेमणूक मिळेपर्यंतची उमेदीची वर्षे स्वतःच्या वादनाऐवजी संस्थेच्या अपेक्षा पुऱ्या करण्यात खर्ची पडतात.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. आपण सगळा हिशेब प्राध्यापकाच्या बाजूने मांडला आहे. विद्यार्थी तिथे त्याच्यासाठी येतो, फी भरतो, घर सोडतो. मी स्वतः अमेरिकेतील एका विद्यापीठात दौऱ्यांवर असणाऱ्या प्राध्यापकांकडे शिकलो. ते गावाला गेले की सलग काही आठवडे शिकवणी होत नसे, आणि परत आले की दोन दिवसांत तीन शिकवण्या उरकल्या जात. मनगटाचा ताण, हाताचे वजन, पेडलचा अतिवापर या गोष्टी आठवड्याच्या आठवड्याला पाहाव्या लागतात. महिनाभर चुकीच्या पद्धतीने केलेला रियाज दोन दिवसांत सुटत नाही.

विलंबित

‘काळी पाच’ यांनी मांडलेला विद्यार्थ्याचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, आणि त्याला जोडून रोझिना लेविन यांचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्यांच्या आयुष्यात या प्रश्नाची एक दुर्लक्षित बाजू दिसते. त्या आणि त्यांचे पती योझेफ लेविन १९२४ पासून न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीत विद्यालयात शिकवत होते. योझेफ यांचे नाव एकलवादक म्हणून जगभर होते; रोझिना स्वतः उत्तम शिक्षण घेतलेल्या पियानोवादक असूनही लग्नानंतर त्यांनी एकलवादनाची कारकीर्द बाजूला ठेवली आणि पतीसोबत दोन पियानोंच्या जोडवादनापुरते स्वतःला मर्यादित केले. पतीच्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेण्याचे काम बव्हंशी त्यांच्याकडे असे. म्हणजे एका मोठ्या वादकाला मैफल आणि वर्ग दोन्ही सांभाळता आले ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या श्रमांवर, आणि आपण त्या वादकाची कारकीर्द सांगताना हे श्रम मोजतच नाही.

१९४४ मध्ये योझेफ यांचे निधन झाल्यानंतर रोझिना यांच्या अध्यापनाला स्वतंत्र ओळख मिळाली. १९५८ मध्ये मॉस्कोतील पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकणारे व्हॅन क्लायबर्न हे त्यांचेच विद्यार्थी. आणि १९६३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत शोपाँचा ई मायनर कन्सर्टो वाजवला. एवढे वादन ज्यांच्या हातात होते, त्यांच्या मधल्या वर्षांतल्या मैफली आपल्याला ऐकायला मिळाल्या नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

रोझिना यांच्याबाबत ‘विलंबित’ यांनी जे लिहिले ते मी मान्य करतो. पण तो अन्याय त्या काळातील विवाहसंस्थेचा होता. विद्यापीठीय पदाने उलट त्यांना उतारवयात त्यांचे स्थान मिळवून दिले.

‘काळी पाच’ यांच्या अनुभवातील प्राध्यापकांचे वागणे समर्थनीय नाही. मात्र दौऱ्यावरून परतलेला शिक्षक वर्गात काय घेऊन येतो, याचाही विचार व्हावा. मोठ्या सभागृहात हळुवार स्वर शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यावा, अनोळखी पियानोच्या पट्ट्या दाबायला जड निघाल्या तर पंधरा मिनिटांत त्यांच्याशी कसे जुळवून घ्यावे, हे ज्ञान ज्याला गेल्या महिन्यात त्याची गरज पडली होती त्याच्याकडेच ताजे असते. आपल्याकडे शिष्य तानपुरा घेऊन गुरूच्या मागे बसतो आणि मैफलीतच तालीम घेतो. पियानोच्या मंचावर शिष्याला अशी जागा नाही. म्हणून मंचावरचे ज्ञान वर्गात आणणारा माणूस तिथे हवाच.

काळी पाच

तानपुऱ्याचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, असे मला वाटते. आपल्या परंपरेत गुरू दौऱ्यावर गेला तरी शिष्य सोबत असतो, त्यामुळे तालीम खंडित होत नाही. विद्यापीठात शिष्य वसतिगृहात राहतो आणि गुरू विमानात असतो.

पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचे उदाहरण पाहू. नवव्या वर्षापासून नामवंत पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांच्याकडे तालीम, १९४४ मध्ये सोळाव्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये पदार्पण, १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारे पहिले अमेरिकन. १९५९ पासून ते बाल्टिमोरच्या पीबडी संगीत संस्थेत शिकवत होते, पण १९६०च्या दशकाच्या मध्यास उजव्या हाताची बोटे आपोआप आत वळू लागली आणि दोन्ही हातांचे वादन थांबले. पुढे त्या विकाराचे निदान फोकल डिस्टोनिया (शरीराच्या एका भागातील स्नायू आपोआप आखडण्याचा विकार) असे झाले. त्यानंतरच त्यांचे अध्यापन खऱ्या अर्थाने बहरले. स्वतः वाजवून दाखवता येत नसल्याने स्वरवाक्याचा रोख आणि लयीचा ओघ शब्दांत सांगणे त्यांना भाग पडले. शिकवण्याला पूर्ण माणूस लागतो, हे यावरून दिसते.

विलंबित

इथे मात्र मी आपल्याशी सहमत नाही. त्या काळात फ्लायशर यांनी मंच सोडला नव्हता. ते डाव्या हातासाठीच्या रचना, विशेषतः रावेलचा कन्सर्टो, वाजवत होते आणि वाद्यवृंदाचे संचालनही करत होते. आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या उपचारांनी हात बराच सुधारल्यावर २००४ मध्ये त्यांचे दोन्ही हातांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, आणि शिकवणे तेव्हाही चालूच होते. त्यांच्या वर्गात मंच नेहमीच हजर होता, फक्त तो मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागत होते.

विद्यार्थ्याच्या नुकसानीवर उपाय नेमणुकीच्या करारात शोधावा लागेल. सत्रात किती शिकवण्या प्रत्यक्ष समोर बसून होतील, दोन शिकवण्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल आणि दौऱ्याच्या काळात कोण शिकवील, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगितले, तर विद्यार्थी डोळसपणे निवड करू शकेल.

काळी पाच

लेखी अटी असाव्यात, यावर माझे दुमत नाही. पण अठरा वर्षांचा विद्यार्थी मोठ्या नावासमोर त्या अटींवर बोट ठेवू शकणार नाही, आणि नाव मोठे असल्यामुळे संस्थाही त्या अमलात आणणार नाही. म्हणून तक्रार विद्यार्थ्याने करावी अशी अपेक्षा न ठेवता, झालेल्या शिकवण्यांची नोंद विभागाने स्वतः तपासली पाहिजे, आणि ती प्रेसलर यांच्या तोलाच्या प्राध्यापकांचीही तपासली पाहिजे.