लॅबमधल्या ३० उबुंटू मशीनवर काय बदललं, कधी बदललं, कसं शोधायचं?

केळीपट्टा विचारतात:

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजची लॅब आहे. ३० मशीन, सगळ्यांवर उबुंटू २२.०४, जूनमध्ये एकाच इमेजवरून (तयार सिस्टीमच्या हुबेहूब प्रतीवरून) टाकलेलं. दिवाळीनंतर सहा मशीनवर नेटवर्क प्रिंटर दिसेनासा झालाय, उरलेल्या २४ वर ठीक आहे. सुडो (ॲडमिनचे अधिकार) तिघांकडे आहे, नोंदवही कुणाकडेच नाही. पुन्हा इमेज मारून मोकळं होता येईल, पण कारण कळणार नाही. झालेला बदल शोधायचाय, आणि पुढचे बदल आपोआप नोंदले जातील असं ओपन सोर्स काहीतरी हवंय. वीज मधूनच जाते, यूपीएस फक्त सर्व्हरला.

सातपुडा_रूट:

झालेल्या बदलासाठी आता टूल टाकून फायदा नाही भो, पेरलंच नाही तर उगवणार काय. पण उबुंटू स्वतः बरंच लिहून ठेवतं. बिघडलेल्या मशीनवर व्हार-लॉगमधल्या ॲप्टच्या (पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, टाकणारी कमांड) फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग उघडा. प्रत्येक नोंदीत वेळ, दिलेली कमांड, 'रिक्वेस्टेड-बाय' पुढे सुडो वापरणाऱ्याचं लॉगिन, आणि पॅकेजची जुनी-नवी आवृत्ती असते. कमांडच्या जागी अनअटेंडेड-अपग्रेड दिसलं तर ते मशीनने आपणहून केलेलं. ही फाइल दर महिन्याला फिरते, जुन्या १२ प्रती राहतात. त्या जीझिप केलेल्या असतात, झेडग्रेपने वाचा. स्नॅपच्या (ॲप्टहून वेगळ्या वाटेने येणाऱ्या पॅकेजच्या) नोंदी इथे येत नाहीत. २२.०४ वरचा फायरफॉक्स स्नॅप आहे, त्याची कुंडली या फाइलीत शोधत बसू नका.

मग ईटीसी (सिस्टीमच्या सेटिंग फाइलींच्या) फोल्डरात फाइंड चालवून नावाच्या शेवटी 'डीपीकेजी-ओल्ड' किंवा 'डीपीकेजी-डिस्ट' असलेल्या फाइल काढा. तुम्ही हात लावलेली सेटिंग फाइल पॅकेजमध्येही बदलली असेल, तर हाताने अपग्रेड करताना विचारणा होते. वाय दाबलं की पॅकेजमधली नवी फाइल बसते, तुमची 'ओल्ड' होऊन बाजूला जाते. एन किंवा नुसतं एंटर दाबलं की तुमची राहते, नवी 'डिस्ट' नावाने पडून राहते. घाईत वाय-वाय दाबत सुटणाऱ्यांमुळे निम्मे घोळ होतात.

केळीपट्टा:

सापडलं. सहाही मशीनवर कप्स-ब्राउझ्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी सर्व्हिस) डॉट कॉन्फची 'ओल्ड' प्रत आहे. तिच्यात सर्व्हरचा आयपी दिलेली ब्राउझपोलची (प्रिंटरची यादी कुठल्या सर्व्हरकडून घ्यायची ते सांगणारी) ओळ आहे, चालू फाइलीत नाही. सहाही नोंदींत तारीख एक, लॉगिनही एकच.

सातपुडा_रूट:

जुनी फाइल अख्खी परत ठेवू नका, तेवढी एकच ओळ नव्या फाइलीत घाला आणि कप्स-ब्राउझ्ड सर्व्हिस रीस्टार्ट करा. नव्या फाइलीत पॅकेजवाल्यांनी काही बदललं असेल तर तेही राहायला हवं.

तापीकाठ:

पुढच्यासाठी ईटीसीकीपर. २००७ पासून आहे, जोई हेस यांनी लिहिलेलं. ईटीसी फोल्डर गिटमध्ये (फाइलींचा बदलांचा इतिहास जपणारं साधन) ठेवतं. ॲप्टने इन्स्टॉल केलं की रेपो (त्या इतिहासाचा साठा) आपोआप तयार होते. त्यानंतर ॲप्टच्या प्रत्येक कामाआधी एक आणि नंतर एक कमिट (त्या वेळच्या बदलांची नोंद) होते, शिवाय रोज एक. हाताने काही बदललं की 'सुडो ईटीसीकीपर कमिट' लिहून पुढे अवतरणात कारण द्या. तिघांनाही ही सवय लावा, नाहीतर रोजच्या कमिटमध्ये सगळं एकत्र कालवलं जातं.

गिटला फाइलचा मालक कोण, परवानग्या काय, हे कळत नाही. तो फक्त एक्झिक्यूट बिट पाहतो. म्हणून ईटीसीकीपर ती माहिती डॉट-ईटीसीकीपर नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहितो. जुन्या कमिटवर चेकआउट केलंत (फाइली तेव्हाच्या रूपात आणल्यात) की लगेच 'सुडो ईटीसीकीपर इनिट' चालवा, म्हणजे परवानग्या पूर्ववत होतील. हे विसरलात तर शॅडोसारखी (पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवणारी) फाइल भलत्याच परवानग्यांनी उघडी पडू शकते.

कप्सची (प्रिंटिंग सांभाळणारी सिस्टीम) प्रिंटर्स डॉट कॉन्फ फाइल कप्स स्वतःच लिहितो, प्रिंटरच्या स्थितीची वेळसुद्धा तिच्यात जाते. त्यामुळे लॉगमध्ये कचरा होतो. तुमचा प्रश्नच प्रिंटरचा, तेव्हा तूर्त ती राहू द्या. दुसरी एखादी फाइल वगळायची असेल तर गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलींची यादी) ईटीसीकीपरने आखलेल्या भागाच्या बाहेर लिहा. आधीच ट्रॅक होत असलेली फाइल तेवढ्याने सुटत नाही, 'गिट आरएम' ला 'कॅश्ड' पर्याय लावून काढावी लागते. आणि वर सांगितलेल्या 'ओल्ड', 'डिस्ट' प्रती मुळातच वगळलेल्या असतात, त्यांच्यासाठी फाइंडच.

पुढच्या जूनची मास्टर इमेज बनवताना तिच्यातच ईटीसीकीपर टाका आणि त्या कमिटला टॅग (ओळखीचं नाव) द्या. प्रत्येक मशीनची त्या टॅगशी तुलना केली की फरक समोर येतो. मशीन-आयडी, होस्टनेम, एसएसएच होस्ट की एवढं वेगळं असणारच. किंबहुना क्लोन केल्यावरही ते सारखं दिसलं तर तीच चूक समजा.

सगळं एका ठिकाणी हवं असेल तर सर्व्हरवर मशीनमागे एक बेअर रेपो (फक्त इतिहास ठेवणारी) करा आणि ईटीसीकीपर डॉट कॉन्फमध्ये पुश-रिमोटला ओरिजिन द्या. पुश (कमिट सर्व्हरवर पाठवणं) रूट (सर्व अधिकार असलेलं खातं) करतो, म्हणून एसएसएच की रूटची लागते. बाहेरच्या कुठल्याही गिट साइटवर हे ढकलू नका, प्रायव्हेट रेपोतसुद्धा नाही. आत पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) आणि एसएसएचच्या खाजगी की असतात. सर्व्हरवरच्या फोल्डरची परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश).

भारनियमन:

वीज मध्येच जाते म्हणालात, म्हणून एक. कमिट चालू असताना वीज गेली तर ईटीसीच्या डॉट-गिटमध्ये इंडेक्स डॉट लॉक राहून जाते. पुढच्या वेळी इन्स्टॉलआधीची कमिट अडते आणि ॲप्टच चालत नाही. एररमध्ये प्री-इन्व्होक दिसतं, लोक ॲप्टला शिव्या घालत बसतात. दुसरा गिट चालू नाही याची पीएसने (चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) खात्री करा, मग ती लॉक फाइल काढा. अपग्रेड अर्धवट राहिलं असेल तर 'सुडो डीपीकेजी', पुढे 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे पर्याय, नंतर 'सुडो ॲप्ट', 'एफ' पर्याय, 'इन्स्टॉल'. शेवटी ईटीसीमध्ये गिट एफएससीके (रेपो शाबूत आहे का ते तपासणारी कमांड) चालवा. ऑब्जेक्ट खराब निघाले तर डॉट-गिट बाजूला हलवून सर्व्हरवरची प्रत आणा.

ईटीसीच्या बाहेरचं ईटीसीकीपर पाहत नाही. यूएसआरमधल्या फाइलवर संशय आला तर डेबसम्स 'सी' पर्यायाने चालवा, पॅकेजसोबत आलेल्या एमडी५ शी जुळत नाहीत त्या फाइल दाखवतो. एआयडीईही (फाइलींमधले बदल पकडणारं साधन) आहे, पण प्रत्येक अपग्रेडनंतर त्याचा डेटाबेस नवा करावा लागतो आणि तो त्याच मशीनवर ठेवला तर रूट हाती लागलेला माणूस डेटाबेसही बदलू शकतो. ३० मशीनच्या लॅबला सुरुवातीला डेबसम्सच पुरे.