‘औषधप्रतिरोधक कर्करोग’ की ‘औषधाला दाद न देणारा कर्करोग’?

सोनचाफा:
रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. विषय आहे केमोला न जुमानणारा कर्करोग आणि त्यावर औषध वाहून नेणाऱ्या नॅनोकणांचा वापर. कच्च्या मसुद्यात ‘औषधप्रतिरोधक कर्करोग’ असं आहे. वाचून एका मावशींनी विचारलं, “म्हणजे औषध ज्याला रोखतं तो का?” काय लिहावं? आणि नॅनोकण, अब्जांश कण, अतिसूक्ष्म कण यांतलं काय ठेवू?

गावकूस:
व्याकरण चुकलेलं नाही. जलरोधक म्हणजे पाण्याला रोखणारं, तसं औषधप्रतिरोधक म्हणजे औषधाला रोखणारा. पण ‘प्रतिबंधक औषध’ कानात इतकं बसलंय की मावशींचा अर्थ उलटा लागणारच. ‘प्रतिकार’ तर नकोच. रोगप्रतिकारशक्ती आपल्या बाजूची, ती वाढावी म्हणून आपण धडपडतो. तोच शब्द गाठीला कशाला द्यायचा?
‘औषधांना दाद न देणारा क्षय’ बातम्यांमुळे रुळलाय, तसंच इथेही लिहा. ‘दाद’ फारसीतून आली, तिथे अर्थ न्याय. कोर्टात दाद मागतो, दाद-फिर्याद म्हणतो, तो हाच. गाण्याला दाद देताना अर्थ सरकला, औषधाच्या बाबतीत आणखी सरकला.

खलबत्ता:
मी औषधनिर्माणशास्त्रातला. ‘दाद न देणारा’ आवडतं, पण त्यात पेशी नुसती ढिम्म बसलीय असं वाटतं. प्रत्यक्षात ती कामाला लागलेली असते. पेशीपटलात, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन असतं, ते आत शिरणारं औषध ऊर्जा खर्चून बाहेर उपसतं. ज्युलियानो आणि लिंग यांनी १९७६मध्ये टोरांटोत त्याचं वर्णन केलं. नावातला ‘पी’ परमिएबिलिटीचा, म्हणजे पार्यतेचा (पटल आरपार किती जाऊ देतं त्याचा). हा पंप एका औषधावर थांबत नाही, एकमेकांशी नातं नसलेली अनेक औषधं फेकून देतो. प्रतिरोधाची इतर कारणंही आहेत, पण नॅनोकणांची चर्चा बहुधा या पंपापासून सुरू होते.
‘शरीराला केमोची सवय झाली’ हे वाक्य मसुद्यात असेल तर काढा. सवय शरीराला होत नाही. ज्या थोड्या पेशींकडे असे पंप जास्त असतात त्या तगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. त्यासाठी ‘निर्ढावलेला कर्करोग’ कसं वाटतं?

गावकूस:
शब्द झकास, जागा चुकीची. निर्ढावलेला म्हटलं की गुन्हेगार आठवतो, आणि पत्रक वाचणाऱ्याच्या घरात पेशंट आहे. मराठीत सोय आहे की: पहिल्यापासूनच असेल तर ‘दाद न देणारा’, आधी गुण येऊन मग थांबला असेल तर ‘दाद देईनासा झालेला’.

सोनचाफा:
‘देईनासा झालेला’ घेतलं! आणि नॅनो?

टिंबटिंब:
अब्जांश मोजमापात चोख आहे. मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. पण ‘अब्जांश कण’ वाचून ‘कशाचा अब्जांश?’ असा प्रश्न पडतो, शिवाय हे कण शंभरेक नॅनोमीटरचे असू शकतात. नॅनोकण लिहा, जोडून. टाटांच्या गाडीनं ‘नॅनो म्हणजे छोटं’ हे घरोघरी पोचवलंय.
अवांतर: गाठीला सुश्रुतापासून अर्बुद म्हणतात, आणि जुन्या गणनेत अर्बुद हीसुद्धा मोठी संख्याच. अब्जांशानं अर्बुदावर चाल करायची, मजाच आहे.

खलबत्ता:
मजा राहू द्या, ‘रामबाण’ आणि ‘थेट गाठीवर मारा’ एवढं मात्र पत्रकात येऊ देऊ नका. रामबाण चुकत नाही. प्राण्यांवरच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा आढावा २०१६मध्ये निघाला, त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) ०.७ टक्के निघाला.
म्हणून हे थोतांड आहे असंही नाही. डॉक्सिल म्हणजे डॉक्सोरुबिसिन हे केमोचं जुनं लाल औषध मेदरेणूंच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं. अमेरिकेत १९९५मध्ये कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी त्याला परवानगी मिळाली. १९९९मध्ये पॅक्लिटॅक्सेल आणि प्लॅटिनमची औषधं या केमोच्या औषधांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगासाठीही मिळाली. पण त्याचा ठळक फायदा हृदयावरचा दुष्परिणाम कमी होणं हा. ‘पंपाला चकवलं’ असं त्याच्या नावावर लिहू नका. पंपाचं जनुक गप्प करणारा आरएनए आणि औषध एकाच कणात भरण्याचे प्रयोग आहेत, ते बरेचसे प्रयोगशाळेतच.

सोनचाफा:
मसुद्यात एक वाक्य आहे, ‘पेशी हे कण शोषून घेते’. चालेल?

खलबत्ता:
नाही, इथे क्रियापदावर सगळं आहे. सुटं औषध पटलातून झिरपतं आणि तिथेच पंपाच्या हाती लागतं. कणाच्या बाबतीत पटल आत वळतं, कणाभोवती पिशवी होते आणि ती आत ओढली जाते. औषध पुढे आत सुटतं, पटलापासून लांब. म्हणून ‘पोटात घेते’ लिहा. ‘गिळते’ही चालेल.

टिंबटिंब:
‘गिळते’ नको, आधीच्या परिच्छेदात गोळ्या गिळायच्या सूचना आहेत.