पाड्याच्या रस्त्यासाठी ग्रामसडक योजनेचे अनुदान : लोकसंख्या नेमकी कोणाची धरतात?

सुरगाणा_पाडा
नमस्कार. आमचा पाडा नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून सुमारे अडीच किलोमीटर आत आहे. मधल्या ओढ्यावर मोरी नसल्यामुळे पावसाळ्यात पाणी चढले की संपर्क तुटतो आणि आजारी माणसाला झोळीतून पलीकडे न्यावे लागते. ग्रामसभेने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून रस्ता मिळावा असा एकमुखी ठराव केला आहे. परंतु चौकशी केली असता ‘पाडा लोकसंख्येच्या निकषात बसत नाही’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. २०११ मध्ये पाड्यात सुमारे १९० लोक होते आणि चारशे मीटरवरच्या दुसऱ्या पाड्यात ८०च्या आसपास. जनगणनेत मात्र दोन्ही पाडे मूळ महसुली गावात मोजलेले आहेत. नियम नेमका काय आहे आणि ठरावानंतर आम्ही काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_शाखाअभियंता
आपल्याला मिळालेले उत्तर मी अंतिम मानणार नाही. या योजनेत अनुदानाचे एकक महसुली गाव किंवा ग्रामपंचायत नसून वस्ती हे आहे, आणि डिसेंबर २००० मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून हे तत्त्व कायम आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या चौथ्या टप्प्यात २०११ ची जनगणना आधारभूत धरली असून, सपाट प्रदेशातील वस्तीसाठी ५०० लोकसंख्येची अट आहे. मात्र राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्र (म्हणजेच अनुसूचित क्षेत्र), आकांक्षित (विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्राने निवडलेले) जिल्हे व तालुके आणि वाळवंटी भाग यांसाठी ती २५० आहे. सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने आपल्याला २५० चाच निकष लागतो.

आता दुसरा, बहुधा दुर्लक्षित राहिलेला मुद्दा. पाचशे मीटरच्या परिघातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभा मूळ मार्गदर्शक सूचनांतच आहे. १९० आणि ८० मिळून २७० होतात, म्हणजे दोन्ही पाडे एक समूह म्हणून नोंदले गेले तर निकष पूर्ण होतो. यासाठी केवळ ‘रस्ता हवा’ असा ठराव पुरेसा नाही. दोन्ही पाड्यांची नावे, त्यांमधील अंतर आणि २०११ च्या सुमारास तेथे राहणाऱ्या कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीच्या व अंगणवाडीच्या जुन्या नोंदींवरून तयार करून जोडावी. या टप्प्यासाठी ग्राम सडक सर्वेक्षण ॲपवर वस्त्यांची नोंद घेण्यात आली आहे. तेथे आपले पाडे कोणत्या नावाने आणि किती लोकसंख्येने नोंदले आहेत, याची लेखी माहिती सर्वप्रथम मागावी. नोंदच चुकली असेल, तर पुढचे प्रत्येक पत्र त्याच नोंदीवर अडेल.

वाट_आणि_मोरी
वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो. ही योजना जोड नसलेल्या वस्तीला एकच बारमाही रस्ता देते. म्हणून ‘वस्ती आधीच जोडलेली आहे’ असा शेरा कागदावर असेल, तर लोकसंख्या कितीही असली तरी प्रस्ताव बाद होतो. बारमाही रस्ता डांबरीच असावा लागतो असे नाही. सर्व ऋतूंत वाहतूक चालते आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी पुरेशा मोऱ्या आहेत, एवढे पाहिले जाते. आपल्या ओढ्यावर मोरी नाही, हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. भर पावसातील तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि उपअभियंत्यांकडून स्थळपाहणीचा अहवाल लेखी घ्यावा.

दरम्यान दुसऱ्या एखाद्या निधीतून पाड्यालगत दोनशे मीटर काँक्रीटचा तुकडा कोणी देऊ केला, तर त्या कामाची नोंद ‘पाडा जोडला गेला’ अशी होणार नाही, याची खात्री करूनच तो स्वीकारावा. ओढा तसाच राहील आणि पाड्याचा हक्क मात्र जाईल, असे होता कामा नये.

वनहक्क_अभ्यासक
या योजनेच्या निधीतून भूसंपादनाचा खर्च करता येत नाही. जागा निर्वेध उपलब्ध करून देणे ही राज्याची जबाबदारी असते. प्रत्यक्षात खातेदारांची संमतिपत्रे आधी गोळा केलेली असली, तर काम लवकर मार्गी लागते. रस्त्याची आखणी ठरवताना ग्रामस्थांसह पायी पाहणी करण्याची तरतूद आहे. त्या दिवशी ज्यांच्या बांधावरून रस्ता जाणार आहे ते सर्व शेतकरी हजर असावेत.

आपल्या भागात वाटेत वनजमीन असण्याचीही शक्यता आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. प्रति हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागता कामा नयेत, एवढी अट आहे. सहा मीटर रुंदी धरली तर एक हेक्टरात सुमारे १,६६० मीटर लांबी बसते, म्हणून वनजमिनीतील लांबी आत्ताच मोजून घ्यावी. त्यापेक्षा जास्त लांबी निघाली, तर वनसंवर्धन कायद्याखालील मोठी प्रक्रिया लागते.

सुरगाणा_पाडा
सर्वांचे मनापासून आभार. वाटेत वनजमीन आहे, परंतु तिची लांबी एक किलोमीटरपेक्षा कमी आहे. दोन्ही पाड्यांचा एकत्रित ठराव पुढील ग्रामसभेत मांडू. रस्ता मंजूर झाल्यास त्याच्या दुरुस्तीचा भार ग्रामपंचायतीवर येतो का?

निवृत्त_शाखाअभियंता
नाही. बांधकामाच्या करारातच ठेकेदाराकडे पाच वर्षांची देखभाल सोपवलेली असते आणि तिचा निधी राज्य शासनाने द्यायचा असतो; बांधकामाच्या खर्चात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. कामाच्या फलकावर देखभालीची रक्कम आणि मुदत लिहिलेली असते, ती टिपून ठेवावी. खड्डे पडल्यास किंवा मोरी खचल्यास ‘मेरी सडक’ ॲपवर छायाचित्रासह तक्रार करता येते. ठरावाचा मसुदा येथे टाकलात, तर आम्ही तो आनंदाने तपासून देऊ.