सेदरला आई आणि सासूबाई एकाच टेबलावर, काय करू?

अश्दोदची_नगरकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची नगरची, घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजोबा पाळक होते. नवरा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, जन्म पनवेलचा, नऊ वर्षांचा असताना घरच्यांबरोबर इस्राएलला आला आणि आर्मी संपल्यावर विशीत कधीतरी येशूवर विश्वास ठेवला. इथे अशांना मशिखी म्हणतात, मेसिॲनिक ज्यू. आमची मंडळी शनिवारी भरते, गाणी हिब्रू, संदेश हिब्रू, मागच्या रांगेत हेडफोन लावून रशियन भाषांतर ऐकणाऱ्या आज्या. घरात शब्बाथ पाळतो, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत माझा वरणभात झाकून गरम प्लेटवर. नाताळ मात्र करत नाही. 25 डिसेंबरला इथे शाळा चालू, ऑफिस चालू, आणि नवऱ्याला तो सण आपला वाटतच नाही, त्याचा येशू हा वल्हांडण (मिसरातून सुटकेचा सण) आणि मंडपाचा सण करणारा येशू.

तर माझी आई पहिल्यांदाच येतेय, नेमकी पवित्र आठवड्यात. यंदा सेदर (वल्हांडणाच्या पहिल्या रात्रीचं विधीचं जेवण) 1 एप्रिलला बुधवारी रात्री आणि गुड फ्रायडे लगेच 3 तारखेला. व्हिडिओ कॉलवर तिने आमचं घर इतक्यांदा बघितलंय, भिंतीवर क्रूस नाही, डिसेंबरात दारात चांदणी नाही, रविवारी सकाळी जावई डबा घेऊन कामाला. तिने तोंडाने कधी म्हटलं नाही पण मावशीला म्हणाली, "पोरीने प्रभूला सोडलं बहुतेक."

आणि खालच्या मजल्यावर सासूबाई. त्या रेवदंड्याकडच्या, शब्बाथला सिनेगॉगला जाणाऱ्या, मलिद्याचं ताट स्वतः लावणाऱ्या, एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलीयाचं) नाव घेतल्याशिवाय कुठलं शुभकार्य सुरू न करणाऱ्या. त्यांच्या मते मुलाने धर्म सोडला. माझ्यावर राग नाही, उलट माझ्या हातचं बिरडं त्यांना आवडतं, पण हा विषय निघाला की तोंड फिरवतात.

दरवर्षी सेदरला नवरा तीन मात्सांपैकी (बेखमीर भाकऱ्या) मधली मोडताना सांगतो की ही मोडलेली म्हणजे मशीहा, कापडात गुंडाळून लपवतात तो म्हणजे पुरलेला, आणि मुलं शोधून आणतात तो म्हणजे उठलेला. गेल्या वर्षी हे सुरू झालं तशा सासूबाई उठल्या आणि किचनमध्ये जाऊन भांडी घासायला लागल्या, स्वच्छ भांडी, नुकतीच घासलेली. आम्ही सगळे नळाचा आवाज ऐकत बसलो.

यंदा टेबलावर दोघी. नवऱ्याने हे सांगितलं तर एक उठणार, नाही सांगितलं तर दुसरीची खात्रीच पटणार. कोणी असल्यातून गेलंय का?

---

पुणेरी_शंका

खवचटपणा नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारतो. येशूला मानता म्हणजे ख्रिस्तीच ना? मग ज्यू कसे? दोन्ही डगरींवर पाय कशाला?

---

अश्दोदची_नगरकरीण

@पुणेरी_शंका तुमचाच प्रश्न इथल्या सुप्रीम कोर्टालाही पडला होता. 1989 मध्ये त्यांनी निकाल दिला की येशूला मशीहा मानणारा ज्यू हा परतण्याच्या कायद्याखाली ज्यू म्हणून नागरिकत्व मागू शकत नाही, त्याने दुसरा धर्म घेतला असं धरायचं. माझा नवरा लहानपणीच आलेला, तेव्हा विश्वासाचा प्रश्नच नव्हता, म्हणून कागदोपत्री अडचण नाही. पण त्याला विचारलंत तर तो म्हणेल की येशू ज्यू, बारा शिष्य ज्यू, पौल ज्यू, मग मीच कसा ज्यू राहत नाही? त्याच्या डोक्यात डगर एकच आहे हो. दोन पाय माझे आहेत.

---

शनिवार_तेली

बाई, मी ठाण्याचा, आता लोदला असतो, बेने इस्राएल आणि तुमच्या नवऱ्याच्या मंडळीतला अजिबात नाही. त्यामुळे माझं बोलणं सासूबाईंच्या बाजूने वाटेल, वाटू दे.

एक लक्षात घ्या, त्या भांडी घासायला गेल्या त्यामागे बराच इतिहास आहे. कोकणात आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. हिब्रू विसरलेलो, शमा ही प्रार्थना सोडून फारसं काही तोंडात उरलं नव्हतं. मग मुंबईत स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन वगैरे आले, त्यांनी शाळा काढल्या, 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, जुना करार मराठीत वाचायला मिळाला. हेतू अर्थातच बाटवायचा होता. आपल्या लोकांनी हिब्रू शिकून घेतलं, कीर्तनं रचली, योसेफाची आणि दावीदाची आख्यानं पेटीतबल्यावर लावली, आणि बहुतेक सगळे होते तिथेच राहिले. घरोघरी याचा अभिमान आहे. एवढं सगळं झाल्यावर इथे आलो तर 60 च्या दशकात इथले रब्बी म्हणाले तुम्ही खरे ज्यू कशावरून, लग्नाआधी वंशावळ तपासू. माणसं रस्त्यावर उतरली, 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत, तेव्हा कुठे जरा निवळलं. तुमच्या सासूबाईंच्या घरात कोणी ना कोणी यातून गेलं असणार. ज्यू असल्याचं सिद्ध करता करता ज्यांची माणसं थकली, त्यांच्याच टेबलावर त्यांचा मुलगा मात्सा मोडून मशीहा सांगतोय. मी असतो तर मीपण भांडी घासली असती. नाहीतर फोडली असती.

आता उपाय सांगतो. मराठी हग्गादा काढा, सेदरला वाचतात ते पुस्तक. पुण्यात 1874 मध्ये छापलेली आहे, शेजारी शेजारी हिब्रू आणि मराठी, तिच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका मात्सा करताना दाखवल्यात. स्कॅन मिळतं, प्रिंट काढून दोघींच्या हातात एकेक द्या. तुमच्या आईला मिसरातून निघायची गोष्ट तोंडपाठ असणार, ती वाचेल. सासूबाई वाचतील. तुमचा नवरा एक रात्र गप्प बसला तर त्याच्या मशीहाचं काही बिघडत नाही.

---

एडिसनचा_बाळ्या

मी वरच्याशी सहमत नाही. आम्ही न्यू जर्सीत एका मेसिॲनिक मंडळीत जातो (मी कोल्हापूरचा, ज्यू बिज्यू काही नाही, बायकोमुळे जायला लागलो) आणि आमच्याकडे सेदरला येशूचं नाव घेतल्याशिवाय सेदर पूर्ण होतच नाही. प्रभूने स्वतः सांगितलंय की जो माझी लाज धरील त्याची मी लाज धरीन. सासूला वाईट वाटेल म्हणून नाव गिळायचं आणि मग मुलांना काय शिकवणार? की आजी समोर असली की येशू खिशात ठेवायचा?

---

शनिवार_तेली

@एडिसनचा_बाळ्या तुमच्या मंडळीत समोर आई बसलेली नसते, सगळे आधीच पटलेले असतात. तिथे नाव घ्यायला काय लागतं?

---

केडगावची_मावशी

अगं नगरकरीण, तू माझ्या गावाजवळचीच निघालीस. मी आईच्या वयाची आहे म्हणून आईचं सांगते, सासूचं तुझं तू बघ.

तुझ्या आईला मधली मात्सा कळणार नाही. तीन मात्सा म्हणजे पिता पुत्र पवित्र आत्मा हे जावयाने कितीही रंगवून सांगितलं तरी ती मान डोलावेल आणि रात्री उशीत तोंड घालून रडेल, कारण तिला हवाय तिचा गुड फ्रायडे. बारा ते तीन, क्रुसावरचे सात उद्गार, पांढरी साडी, उपास, दर उद्गाराला एकेक गाणं. हे तिने पन्नास वर्षं चुकवलं नसेल. तर नगरच्या चर्चचं ऑनलाइन लावून दे, तिकडचे बारा म्हणजे तुमच्याकडे साडेनऊ. आणि तू शेजारी बस, फोन हातात देऊन किचनमध्ये जाऊ नकोस (भांडी घासायची खोड तुमच्या घरात दिसतेय). जमलं तर ईस्टरला पहाटे तिला यरुशलेमला गार्डन टूम्बला (काहीजण येशूची कबर मानतात ती बाग) घेऊन जा, तिथे सूर्योदयाची उपासना होते.

दुसरं म्हणजे तारखा नीट बघितल्यास का? सेदर बुधवारी. गुरुवार म्हणजे मॉन्डी थर्सडे. आपल्याकडे त्या संध्याकाळी प्रभुभोजन असतं. तुमच्याकडे सणाचा पहिला दिवस गुरुवारी अंधार पडला की संपतो ना? मग बुधवारची रात्र सासूबाईंच्या रीतीने जाऊ दे, आणि गुरुवारी अंधार पडल्यावर तुम्ही घरचे आणि आई, टेबलावर उरलेली मात्सा, द्राक्षरस, जावयाला जे सांगायचंय ते तेव्हा सांगू दे, आणि प्रार्थना आईला करू दे, मराठीत. बेखमीर भाकरीवर प्रभुभोजन, नगरच्या बाईला अजून काय पाहिजे गं. आम्ही जन्मभर पावाचे तुकडे घेतले.

---

पुणेरी_शंका

मी वाद घालायला आलो होतो, आता हग्गादा शोधतोय. मात्सा म्हणजे नक्की कशासारखी लागते?

---

शनिवार_तेली

@पुणेरी_शंका मीठ न घातलेल्या खाकऱ्यासारखी. आठव्या घासाला माणूस मोशेवर चिडतो.

---

अश्दोदची_नगरकरीण

सगळ्यांचे आभार. बाळ्या, तुमचं म्हणणं मला बोचलं, कारण ते माझ्याही मनात होतं. पण गुरुवारचं मला सुचलंच नव्हतं मावशी, इतकी वर्षं इथे राहून मॉन्डी थर्सडे मी विसरूनच गेले होते. नवऱ्याला वाचून दाखवलं. आधी म्हणाला की मी माझ्या घरात परवानगी घेऊन बोलू का. मग बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बुधवारी मा निश्तना (सेदरचे चार प्रश्न) मुलगा म्हणेल, एलियाहूसाठी दार माझी आई उघडेल, आणि मी अफिकोमन, म्हणजे तो मोडलेला तुकडा, लपवेन फक्त, सांगणार काही नाही. गुरुवारी मात्र तासभर बोलणार. बोल म्हटलं.

आता पुढचं ऐका. आईला सामान काय आणू नको हे सांगायला कॉल केला तर सासूबाई वर आल्या होत्या, त्यांनी फोन हातातून घेतला. आईने मोठ्या हौसेने सांगितलं की तुमच्याकडे पाव चालत नाही ना, मग मी तांदळाचं पीठ आणतेय, भाकऱ्या थापीन. मला वाटलं छान, वल्हांडणात गव्हाचं पीठ घरात नको असतं, पण आम्ही भात खातो, तांदळाची भाकरी चालते. तर सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, गिरणीतलं नको हो, त्याच जात्यात आधी गहू दळलेला असतो." आई गप्प. मग सासूबाईंनीच सांगितलं, तांदूळ इथे मी निवडून धुऊन वाळवते, मिक्सरचं नवं भांडं ठेवलंय त्यात दळू, तुम्ही फक्त थापायला या, मला आता हाताने थापवत नाही. आणि हिंगसुद्धा आणू नका! (हे माझ्यावर. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सगळं घर घासून पुसून, मेणबत्ती आणि पीस घेऊन कोपरे शोधून झाल्यावर सासूबाईंनी माझ्या मसाल्याच्या डब्यातली हिंगाची डबी उलटी करून वाचली, घटक पदार्थांत गव्हाचं पीठ. रात्री साडेनऊला ती डबी कचऱ्यात.)

आई म्हणाली, "अगोबाई, हिंगात गहू? आम्ही उपासालासुद्धा घालायचो की." मग दोघी हिंगावरच अर्धा तास. मी मध्ये दोनदा फोन मागितला, कोणी दिला नाही. शेवटी आईने विचारलं मग मी आणू तरी काय, तर सासूबाई म्हणाल्या आमसुलं आणा, रेवदंड्यासारखी काळी, इथल्या दुकानात मिळतात त्यांना वासच नाही.

आता नगरला बसून माझी आई रेवदंड्याची आमसुलं शोधतेय. कोणाच्या ओळखीत अलिबागकडून नगरला येणारं कोणी आहे का? 25 मार्चच्या आत.